पंखाची जाडी

केतकी सरनोबतचं काम वाऱ्याशी होतं. वारा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिच्या सासरी ते काम नेमकं काय आहे हे कुणालाच कधी कळलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं तर सासूबाई "विमानाच्या कारखान्यात हिशेब बघते" असं सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि समोरची बाई केतकीला बाजूला घेऊन आयकराबद्दल शंका विचारायची. केतकीने सुरुवातीला एकदोनदा नीट समजावून सांगून पाहिलं, मग नाद सोडला. शिवाय नवरा वैमानिक. कॅप्टन रणधीर सरनोबत गणवेश घालून मांडवात शिरला की सगळ्यांना विमान म्हणजे काय ते साक्षात दिसायचं. मग हिशेब बघणारीकडे कोण बघतो?

खरं तर तिचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. विमानाचा पंख किती जाड करायचा, ते ती ठरवायची.

विमान शांत हवेत सरळ चाललेलं असतं तेव्हा पंखांवर भार असतो तो विमानाच्या वजनाएवढा. पण हवा म्हणजे काही डांबरी रस्ता नव्हे. तापलेली जमीन, डोंगराची धार, वाढत चाललेला ढग, यांच्या आसपास ती कुठे वर उसळते, कुठे खाली कोसळते. विमान अशा वर उसळणाऱ्या झोतात शिरलं की समोरून येणारी हवा पंखाला एकाएकी थोडी खालून येऊ लागते. कोन बदलतो तो चारपाच अंशांनीच, पण तेवढ्यानं पंखाची उचल पापणी लवायच्या आत दुप्पट होते, कधी त्याहूनही जास्त. प्रवाशाच्या पोटात गोळा येतो. पंख मात्र बुडापाशी, जिथे तो धडाला जोडलेला असतो तिथे, वरच्या बाजूला वाकतो. विमान जितकं हलकं आणि जितकं वेगात, तितका हा दणका मोठा. म्हणून आजवर सगळीकडे एकच शिरस्ता होता: सगळ्यात वाईट झोत केवढा असेल त्याचा एक आकडा धरायचा, तो सोसेल अशी पंखाच्या आतली तुळई करायची, आणि वर दीडपट ताकद हाताशी ठेवायची. ताकद हवी तर जाडी हवी, जाडी आली की वजन आलं, आणि वजन आलं की तेवढी माणसं कमी बसणार. केतकीची सगळी नोकरी या ओढाताणीत गेली होती, आणि ती ओढाताण तिला मनापासून आवडायची.

अलीकडच्या काही वर्षांत मात्र दोन गोष्टी बदलल्या होत्या. पहिली गोष्ट नाझनीन मुजावरने केली होती. नाझनीन केतकीची कॉलेजपासूनची मैत्रीण, आता त्याच कारखान्यात, शेजारच्या खोलीत. तिच्या यंत्राचं नाव 'चाहूल'. विमानाच्या नाकातून ते लेझरचा किरण पुढे सोडायचं. हवेत धुळीचे, मिठाचे बारीक कण असतातच. त्यांच्यावर आपटून किरण परत आला की त्याच्या रंगात पडलेल्या केसाएवढ्या फरकावरून पुढची हवा कुठल्या दिशेला किती जोरानं चालली आहे ते कळायचं. विमान झोतात शिरण्याआधी दोन सेकंद चाहूलला बातमी लागलेली असायची, आणि पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्या ती आधीच वर उचलून ठेवायची. पट्ट्या वर गेल्या की पंखाच्या टोकाकडची उचल कमी होते, आणि बुडापाशी येणारा ताण निम्म्यावर येतो. नाझनीन हे समजावताना स्कूटरचं उदाहरण द्यायची. मागे बसलेल्या माणसाला खड्डा दिसत नाही, त्याच्या कमरेत दणका बसतो. चालवणाऱ्याला दिसतो, तो जरासा उठतो आणि त्याला काही होत नाही. आजवरची सगळी विमानं मागच्या सीटवर बसलेली होती, असं ती म्हणायची, आणि या वाक्यावर ती स्वतःच फार खूष होती.

दुसरी गोष्ट नियमांची. एखादं विमान एकाच मार्गावर उडणार असेल तर त्या मार्गावर प्रत्यक्ष मोजलेला वारा धरून त्याचा पंख बेतायला आता परवानगी मिळाली होती. जगातला सगळ्यात वाईट झोत कोल्हापूरच्या विमानाने का म्हणून सोसायचा? आणि कोल्हापूर ते कातळवाडी हा मार्ग तर पुरता मोजलेला होता. रस्त्यानं अर्धा दिवस खाणारा घाट 'टिटवी' नावाची पंधरा सीटांची विजेवरची विमानं चहापोह्यांच्या वेळात ओलांडायची आणि पलीकडे कोकणातल्या सड्यावर, काळ्या कातळावर आखलेल्या छोट्या धावपट्टीवर उतरायची. दहा-बारा वर्षं प्रत्येक टिटवीनं सोसलेला प्रत्येक धक्का यंत्रात नोंदला गेला होता. त्या नोंदींवरून केतकीने नव्या टिटवीचा पंख बेतला. लांब, सडपातळ, पाहत राहावा असा. वजन एवढं उतरलं की पंधराच्या जागी एकोणीस माणसं बसत होती.

या चार सीटांवर बरंच काही अवलंबून होतं. जुन्या टिटव्या त्या वर्षअखेर मोडीत निघणार होत्या. मार्ग चालवणाऱ्या कंपनीने सरळच सांगितलं होतं की नवं विमान वेळेवर आलं तर ठीक, नाहीतर घाटमार्ग बंद, आणि सगळे वैमानिक आसामच्या मार्गांवर रवाना. त्यात रणधीरही होता. लग्नानंतरची पहिली आठ वर्षं त्याने आखातात काढली होती. केतकीने त्या वर्षांत दोन माणसांचा स्वयंपाक एकटीने खाल्ला होता, दुसऱ्या दिवशी उरलेला. गेली चार वर्षं तो रोज संध्याकाळी घरी जेवायला होता, आणि जेवताना कुणीतरी समोर बसून आपलं डोकं खातंय, यासारखं सुख नाही असं तिचं ठाम मत झालं होतं. पंख पातळ व्हावा असं कारखान्यात सगळ्यांनाच वाटत होतं, पण केतकीएवढं कुणालाच वाटत नव्हतं. आता उड्डाणाच्या चाचण्या आणि तिची एक सही तेवढी राहिली होती.

नव्या टिटवीच्या चाचण्या वैशाखात सुरू झाल्या. त्या मार्गावरचा मुरलेला कॅप्टन म्हणून रणधीरला बोलावणं गेलं. कातळवाडीहून परतीचं पहिलं उड्डाण करून तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा नवीन सायकल मिळालेल्या पोरासारखा होता. बूट काढता काढता त्याने बोलायला सुरुवात केली तो भरल्या वांग्यापर्यंत थांबला नाही.

"लोण्यातनं सुरी फिरावी तसं आलो बघ," तो म्हणाला. "घाटाच्या धारेवर ढग असे फाटलेले. एरवी मी दुसरा चहा सांगितला असता. आज म्हटलं, बघूया तरी नाझनीनबाईंची चाहूल काय करते. काय सांगू तुला, पाण्याची बाटली उभी होती ती उभीच राहिली."

केतकीने भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, दुसरा चहा म्हणजे काय.

रणधीरला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. एवढी वर्षं त्या मार्गावरच्या वाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या बाईला दुसरा चहा माहीत नाही? मग त्याने हसत हसत सगळं सांगितलं. कातळवाडीच्या धावपट्टीच्या कडेला परबकाकींची चहाची टपरी होती. तिथून पूर्वेला घाटाची अख्खी भिंत दिसायची. वैशाखातल्या दुपारी, वळवाची हवा तयार व्हायला लागली की त्या भिंतीवरचे ढग खालून फाटायचे, आणि ते फाटले की वर काय चाललंय हे जुन्या वैमानिकांना चहाच्या पेल्यावरून नजर टाकून कळायचं. मग ज्याची निघायची पाळी असेल तो दुसरा चहा सांगायचा. काही बोलायचं नाही, कुणाला काही सुचवायचं नाही. परबकाकींनाही एवढं कळलेलं होतं की ढगाकडे बघून त्याच विचारायच्या, "कॅप्टन, दुसरो घालू काय?" त्याने घेतला की मागच्या पाळीच्यानेही घ्यायचा, त्याला ओलांडून पुढे जायचं नाही. चहा न पिणाऱ्या कॅप्टन बाबरांनीसुद्धा त्या टपरीवर कधी नाही म्हटलं नव्हतं. ढग पुन्हा बुडाशी सपाट झाले की पेले ठेवून सगळे उठायचे.

"आणि उशीर झाल्याचं कारण काय देता?" केतकीने विचारलं.

"फेरवजन," रणधीर म्हणाला. हंगाम आंब्याचा, विमानात पेट्या असायच्याच. पेट्यांचं पुन्हा वजन करावं लागलं असं सगळे वैमानिक एकमताने लिहीत आले होते. त्यापायी कंपनीने कातळवाडीला मोठा नवा वजनकाटाही घेऊन दिला होता. हे सांगताना त्याला हसू आवरेना. आता मात्र चहा एकच पुरे, असं म्हणून त्याने ताट पुसून काढलं. केतकी हसली, पण तिची भाकरी ताटात अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाझनीनच्या खोलीत गेली आणि त्या उड्डाणाची नोंद मागितली. नाझनीनने ती कौतुकानेच पडद्यावर आणली, कारण तिच्या यंत्राने शर्थ केली होती. घाटाच्या धारेवर विमानाला एकामागून एक चार झोत लागले होते. त्यातला तिसरा एवढा मोठा होता की दहा-बारा वर्षांच्या नोंदींत त्याच्या जवळपास जाणारा एकही नव्हता. चाहूलने तो दोन सेकंद आधी पाहिला, पट्ट्या उचलल्या, आणि आत बसलेल्यांना काहीसुद्धा कळलं नाही. केतकी पडद्याजवळ गेली. पट्ट्यांची रेघ वर चढत गेली होती आणि मग काही काळ अगदी सपाट झाली होती. पट्टी जेवढी वर उचलता येते तेवढी उचलली गेली होती. त्यापुढे जागाच नव्हती.

"म्हणजे काम केलं की तिनं," नाझनीन म्हणाली.

"पुरतं केलं. तिच्यापाशी आणखी करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

मग केतकीने तिला आंब्याच्या पेट्यांची गोष्ट सांगितली. बोलता बोलता चूक कुठे झाली ते तिला स्वतःलाच लख्ख दिसत गेलं. नोंदी खोट्या नव्हत्या. यंत्रं बिघडलेली नव्हती. पण त्या नोंदी घाटावरच्या वाऱ्याच्या नव्हत्याच मुळी. ज्या वाऱ्यात शिरायला वैमानिक राजी होते तेवढ्याच वाऱ्याच्या होत्या. खरा वाईट वारा वाहत असताना सगळी विमानं कातळावर उभी होती आणि सगळे कॅप्टन चहा पीत होते. त्या चहावर केतकीने आपला पंख बेतला होता. आणि गंमत अशी, की चाहूल आल्यावर आता तो चहा कुणी पिणार नव्हतं. माणसाला पोटात गोळा येतो म्हणून तो थांबतो. गोळाच आला नाही तर थांबेल कशाला? यंत्राने धक्का काढून घेतला होता, आणि धक्क्याबरोबर भीतीही.

नाझनीनला राग आला. तिच्या सहा वर्षांच्या कामाकडे बोट दाखवल्यासारखं तिला वाटलं, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. पण रागावून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. रागावली की ती कामाला लागायची. संध्याकाळी ती आपणहून केतकीच्या टेबलाशी आली. त्या क्षणी चाहूल बंद पडली असती तर पंखावर किती भार आला असता, ते तिने काढून आणलं होतं. नियम असा की यंत्र बंद पडलं तरी पंख टिकला पाहिजे. तो टिकला नसता. मग नाझनीनने विचारलं की हे उपाध्ये सरांना कधी सांगायचं. पद्माकर उपाध्ये म्हणजे कारखान्याचे मुख्य डिझायनर, दोघींचे वरिष्ठ.

केतकी म्हणाली, आधी घरी विचारायला हवं.

घरी जे झालं ते भांडण म्हणण्याएवढं मोठं नव्हतं, पण त्या घरात तेवढंही फार होतं. रणधीरने ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. ती गोष्ट त्याच्या एकट्याची नव्हती. सात कॅप्टनांचा तो न बोललेला शब्द होता. इतकी वर्षं खोटं कारण लिहिलं हे कंपनीला कळलं तर सगळ्यांच्या परवान्यांवर गदा यायची, आणि बाबरांच्या निवृत्तीला तर वर्षसुद्धा उरलं नव्हतं. ताटावर बसून बोललेलं ती कचेरीत नेणार का, असं त्याने विचारलं. आवाज न चढवता विचारलं, म्हणून तिला जास्त लागलं.

"नेणार नाही," केतकी म्हणाली. "पण सहीही करणार नाही."

"मग कारण काय सांगशील?"

"सांगेन की हिशेब बरोबर दिसतोय, पण माझी छाती होत नाही. हसतील. हसू देत."

सही झाली नाही तर काय होणार हे रणधीरलाही ठाऊक होतं. मागचं सगळं आवरून केतकी आत आली तेव्हा तो मोबाईलवर आसामचा नकाशा उघडून बसला होता. तिला पाहून त्याने तो बंद केला. त्या क्षणी तिला एवढं भरून आलं, की जा, सही करून टाकते, असे शब्द ओठांवर आले. तिने ते गिळले. जो पंख त्याला घरी ठेवणार होता, त्याच पंखावर बसून तो रोज घरी येणार होता. हे तिने स्वतःला दोनदा समजावलं आणि मग तिला झोप लागली.

बैठक उपाध्ये सरांच्या खोलीत झाली. सर साठीचे, बोलण्यात मऊ, आणि गणितात कुणाचीही भीड न बाळगणारे. विमान कंपनीकडून वाहतूक व्यवस्थापक देवस्थळी आले होते. नाझनीन होती, आणि चाचणीचा कॅप्टन म्हणून रणधीरला बोलावलं होतं. केतकीने सांगितलं की ती या पंखावर सही करू शकत नाही. कारण विचारल्यावर ठरवलं होतं तेच बोलली. नाझनीनने तोंड उघडलं होतं, पण केतकीने तिच्याकडे पाहिल्यावर मिटलं. तिचा तो आकडा पुढे ठेवला असता तर असा झोत आजवर एकाही नोंदीत का नाही हा प्रश्न आला असता, आणि तो थेट चहापर्यंत पोचला असता. देवस्थळी सभ्य माणूस. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की नियमात बसतंय, वारा मोजलेला आहे, आकडे तर मॅडमचेच आहेत, मग अडतंय कुठे? उपाध्ये सरांनी चष्मा काढून पुसला. केतकीला ते पंधरा वर्षं ओळखत होते, आणि छाती होत नाही हे तिच्या तोंडी त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तरी त्यांना म्हणावंच लागलं की असं असेल तर हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.

केतकीने मान डोलावली. तिने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"ते फेरवजन खोटं आहे," रणधीर म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. देवस्थळींना काही उमगेना.

"आंब्याच्या पेट्यांचं. वजन बरोबरच असतंय साहेब. आम्ही चहा पीत बसतोय. घाटावरचा वारा उतरायची वाट बघत. मी बसतोय, आणि माझ्याआधी जे होते ते पण बसायचे. बाकीच्यांना मी काल फोन केला होता. बाबर म्हणाले, माझं नाव पहिलं सांग."

त्याने मग सगळं सांगितलं, केतकीला सांगितलं होतं त्याच क्रमाने, फक्त या वेळी हसला नाही. देवस्थळी ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असावं ते त्यांच्या पहिल्या प्रश्नावरून कळलं.

"आणि तो काटा?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"काटा चांगला आहे साहेब," रणधीर म्हणाला. नाझनीनला खोकला आला, म्हणून ती खिडकीपाशी गेली.

उपाध्ये सर मात्र कुठल्या कुठे पोचले होते. त्यांनी कागद ओढला, चार आकडे मांडले, आणि केतकीकडे असं पाहिलं की तिचे डोळे भरून आले. ते म्हणाले की चहाचीच सक्ती केली तर? ढग फाटले की उडायचं नाही, असं नियमातच लिहून टाकलं तर पंख आहे तसा चालेल. देवस्थळींना हे एकदम पटलं. केतकीने नाही म्हटलं. लिहिलेला नियम आणि पोटातला गोळा यांत फरक आहे, असं ती म्हणाली. तो चहा इतकी वर्षं टिकला, कारण घेणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी तो वारा अंगावर घेतलेला होता. चाहूलवर शिकलेल्या नव्या वैमानिकाला सगळं आभाळ सारखंच वाटेल. तो एक दिवस घड्याळाकडे बघेल आणि निघेल.

"अंगाला कळलं नाही म्हणजे पंखाला कळलं नाही, असं नाही ना सर," ती म्हणाली.

उपाध्ये सरांनी आपल्या कागदावरच्या आकड्यांवर रेघ मारली. पंख नव्याने बेतायचं ठरलं. दीड वर्ष जाणार होतं. देवस्थळींनी हिशेब केला आणि सांगितलं की तोवर मार्ग बंद ठेवावा लागेल, वैमानिक आसामला जातील, आणि नंतर सतरा सीटांवर कसाबसा रेटता येईल. ऐन आंब्याच्या हंगामात सात कॅप्टनांवर कारवाई करणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून खोट्या कारणांबद्दल त्यांनी एक कडक पत्र काढलं आणि तिथेच विषय मिटवला. नाझनीनने आपल्या यंत्रात स्वतःहून बदल केला. लहान धक्के चाहूल आता तसेच जाऊ देणार होती आणि आपली सगळी ताकद मोठ्यांसाठी राखून ठेवणार होती. आपल्या यंत्राला आपणच थोडं आळशी केलं, असं ती सांगत फिरली.

पातळ पंखाचा एक नमुना भार-चाचणीसाठी तयार होऊन पडला होता. उपाध्ये सर म्हणाले, आता केलाच आहे तर मोडून बघू. कारखान्याच्या मोठ्या दालनात पंख आडवा बसवून त्याला ठिकठिकाणी पट्टे बांधले आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांनी तो वर ओढायला सुरुवात केली. शेजारच्या भिंतीवर उभी पट्टी रंगवलेली होती, भार वाढेल तसा पंखाच्या टोकाचा बाण तिच्यावर चढत जायचा. रणधीर पहिल्यांदाच हे बघायला आला होता. वर्ष संपत आलं होतं, आसामला जायला आठवडा राहिला होता. चाचणीचं हेल्मेट डोक्यावर घालून तो पिवळ्या रेघेमागे केतकीच्या शेजारी उभा राहिला. भिंतीवर वरच्या बाजूला एक लाल खूण होती, ती कसली म्हणून त्याने विचारलं. केतकीने सांगितलं की लोण्यातनं सुरी फिरली त्या दिवशी यंत्र झोपलं असतं तर पंख न मोडता बाण तिथवर जायला हवा होता.

बाण चढू लागला. पंख वाकत वाकत धनुष्यासारखा झाला, आतून कुठेतरी बारीक कुरकुर ऐकू येऊ लागली. लाल खुणेला अजून हातभर अंतर होतं तेव्हा बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. सगळं दालन हादरलं. धूळ खाली बसली तेव्हा पंख बुडापासून तुटून पट्ट्यांमध्ये लोंबत होता. केतकीच्या आकड्याप्रमाणे तो तिथेच मोडायला हवा होता आणि तिथेच मोडला होता. पाठीमागे कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

रणधीर लाल खुणेकडे बघत होता. मग त्याने बाण थांबला होता त्या जागेकडे बघितलं, आणि मग पुन्हा लाल खुणेकडे. त्याचा हात हळूच केतकीच्या हाताकडे आला. सगळ्यांदेखत त्याने तो धरला, जे त्याने लग्नाच्या मांडवातसुद्धा भटजींनी सांगितल्यावरच केलं होतं. तिच्या कामाबद्दल एवढ्या वर्षांत त्याने कधी काही विचारलं नव्हतं. हिशेब एवढंच त्यालाही माहीत होतं. आता त्याने विचारलं.

"नवी तुळई किती जाड करणार?"

केतकीने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अंतर धरून दाखवलं. एवढी.

रणधीरने ते अंतर पाहिलं. त्या अंतरामुळे दोन सीटा गेल्या होत्या, दीड वर्ष जाणार होतं, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याला आसामात एकट्याने जेवायचं होतं. हे सगळं त्याला कळत होतं. त्याने दोन बोटांनी तिची तर्जनी धरली आणि हलकेच आणखी थोडी वर उचलली.

केतकीला हसू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तशीच ती हसत राहिली, आणि मग तिने ते बोट दाबून परत होतं तिथे आणलं.

"एवढी नको," ती म्हणाली. "उडायचंय पण त्याला."